लेकीच्या दारची विहीर

अक्षय्यतृतीयेच्या पंगतीत वरणभात वाढून झाला होता, तेवढ्यात सोंडेवाडीचा नागू अंगणात येऊन उभा राहिला. उन्हातून चालत आलेला माणूस आधी पाणी मागतो. नागूने मागितलं नाही. पागोट्याच्या शेवाने मान पुसत त्याने विचारलं, "परशिडेंट सायेब जेवतात का?"

"जेवतात," परशिडेंट साहेबांचे धाकटे भाऊ हरीभाऊ पानावरूनच म्हणाले. "तूही बस. सणाचा आलास, पान मांडायला सांगतो."

"पानाचं मागनं बगू. सायेबांना गावात बोलावलंय."

द्वारकाबाईंच्या हातात आमरसाचं पातेलं होतं. सोंडेवाडी हे नाव ऐकून त्या तशाच थांबल्या. त्या गावात त्यांची एकुलती एक लेक होती, नऊ वर्षांपूर्वी दिलेली, आणि त्या गावची वेस त्यांनी अजून पाहिली नव्हती.

द्वारकाबाईंचे यजमान त्र्यंबकराव खरं तर तालुका लोकल बोर्डाचे व्हाइस प्रेसिडेंट. प्रेसिडेंट म्हणजे प्रांतसाहेब, आणि ते पाऊस सरला की एकदा तंबू ठोकून जायचे. बाकीचं वर्षभर रस्ता खचला, शाळेचं छप्पर उडालं, दहिवलीची होडी फुटली की लोक या दारात यायचे. तालुका ठाण्याकडून काढून अलिबागला जोडला गेला, साहेब बदलले, पण चौदा वर्षं परशिडेंट हाच एक माणूस होता.

"काय झालं नागू?" त्र्यंबकरावांनी विचारलं.

"पटकी लागली सायेब. दोन मान्सं गेली. कोंडीचं पोर कालपासनं वकतंय."

"विहिरीत औषध घातलंय ना?" हे विचारणारा शरच्चंद्र त्र्यंबकरावांचा मुलगा, मुंबईला डॉक्टरीच्या तिसऱ्या वर्षाला. सुटीत आल्यापासून चौक आणि खालापूरच्या बाजूला गावोगाव फिरून तो विहिरींत लाल औषध घालत होता. "परवा मी स्वतः घातलंय."

"घातलंय. म्हनून तर कोन पीत नाय. पानी लाल झालंय रं दादा, रगतावानी. समदे वड्याच्या डोहावर जातात."

"अरे, त्या डोहातच तर रोग आहे!" शरच्चंद्र पानावरून अर्धा उठला. "खडे पाण्यात टाकले की गुलाबी रंग येतो. घाण असेल तर तो रंग उडून जातो. रंग टिकला म्हणजे पाणी चांगलं. हे मी तिथे दहादा सांगितलं."

"सांगितलंत. आमी ऐकलं बी. पन सायेबांनी आदी प्यायला पायजे. मोहोपाड्याला प्यायले, चौकाला प्यायले. आमच्याकडंच का नाय येत, असं गाव इचारतंय."

गाव कशासाठी विचारतंय आणि साहेब का जात नाहीत, हे नागूसकट सगळ्यांना ठाऊक होतं.

पहिला पेला पिण्याची रीत त्र्यंबकरावांनीच पाडली होती. बोर्डात आले त्या पहिल्या वर्षी कडावला सुरुंग लावून विहीर खोदली. सुरुंगाच्या दारूने पाणी बाटलं अशी आवई उठली. तेव्हा ते काठावर उभे राहून सगळ्यांसमोर पेलाभर पाणी प्यायले आणि संध्याकाळपर्यंत तिथेच बसून राहिले. त्यानंतर प्रत्येक नव्या विहिरीवर हेच झालं. आता लाल औषध आलं, तर त्यांनी प्यायल्याशिवाय तालुक्यातलं एकही गाव घागर बुडवत नव्हतं. घरी परतले की पायांवर पाणी घेता घेता ते बायकोला सांगायचे, आजचं मोहोपाड्याचं, मचूळ होतं. कडावचं गोड. नेरळचं जड, डाळ शिजायची नाही. सगळ्या तालुक्याचं पाणी द्वारकाबाईंनी असं कानांनी चाखलं होतं. सोंडेवाडीचं तेवढं राहिलं होतं.

गावात बारमाही विहीर एकच, आणि ती लेकीच्या, पद्मजाच्या, सासरच्या अंगणात. तिच्या आजेसासऱ्यांनी खोदलेली. सारं गाव तिच्यावर भरायचं, पण पाणी त्या घरचं. आणि लेकीला मूल होत नाही तोवर आईबापांनी तिच्या घरचं अन्न घ्यायचं नाही, पाणी घ्यायचं नाही. पद्मजाला मूल नव्हतं.

"मी जातो," हरीभाऊ म्हणाले. "काकाला कसली आडकाठी? मी पितो पेला."

"तुमी नाय चालत, हरीभाऊ. राग नगा मानू. तुमचं काय, तुमी ताडीबी पिता."

पंगतीत हसू फुटलं आणि लगेच विरलं.

"अण्णा," शरच्चंद्र आवाज खाली आणून म्हणाला, "तुम्ही नुसता पेला तोंडाला लावा. गिळू नका. लांबून कुणाला कळतंय?"

त्र्यंबकरावांनी मुलाकडे पाहिलं. "चौदा वर्षं मी गिळलं म्हणून लोकांनी गिळलं. आज त्यांना फसवून पाजू?"

"मग खरंच प्या. ही रीत म्हणजे शेवटी आहे काय? पाणी म्हणजे पाणी."

"तुझं पाणी परीक्षानळीतलं," हरीभाऊ तडकले. "दादा, आठ दिवसांवर बोर्डाची निवडणूक आहे. खालापूरच्या बाजूचे सगळे मेंबर जुन्या वळणाचे. लेकीच्या घरचं पाणी प्यायलात हे कळलं की एकही हात वर होणार नाही. आठ दिवस थांबा, मग खुशाल जा."

"कोंडीचं पोर आठ दिवस थांबेल का?"

हरीभाऊ पानातला भात चिवडू लागले. त्यांना भावाची खुर्ची टिकायला हवी होती, स्वतःच्या फायद्यासाठी नाही. दादा घोड्यावरून गावात शिरले की लोक उठून उभे राहतात, ते त्यांना लहानपणापासून बघायचं होतं आणि आता बघायला मिळत होतं. ते संपलं तर आपण काय बघायचं, एवढंच त्यांच्या मनात होतं. पण हे पंगतीत सांगता येत नाही.

स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी धोंडूबाई बसल्या होत्या. त्र्यंबकरावांची थोरली बहीण, नवरा गेल्यापासून पंचवीस वर्षं माहेरी असलेली. घरातली प्रत्येक रीत त्यांच्या शब्दावर चालायची. म्हणून सगळ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं.

"आक्का, सांग गं तूच," हरीभाऊ म्हणाले.

धोंडूबाईंनी आधी हातातली जपमाळ खाली ठेवली.

"मला पेणला दिली. माझीही कूस उजवली नाही. बाबा दर वर्षी भाताच्या गाड्या घेऊन पेणला यायचे. वखारीत उतरायचे. मी माडीच्या खिडकीत उभी राहून बैलांच्या घुंगरांवरून आपली गाडी ओळखायची. गाडी घरावरून जायची. बाबा वर बघायचे नाहीत. बघितलं असतं तर थांबावं लागलं असतं ना." त्यांनी जपमाळ पुन्हा उचलली. "पुढे आमच्या घरचे गेले, तेव्हा बाबा पहिल्यांदा घरात आले. ओटीवर बसले. मी पाणी पुढे केलं. त्यांनी पेला बाजूला सारला. आता कुणाच्या बारशाची वाट बघायची राहिली होती, ते मी काही त्यांना विचारलं नाही."

"आक्का, हे तू कधी बोलली नाहीस," त्र्यंबकराव म्हणाले.

"कुणी विचारलं नाही. त्र्यंबक, तू जा. आणि एकटा नको जाऊस, द्वारकेला घेऊन जा."

द्वारकाबाईंनी पातेलं खाली ठेवलं. नवऱ्याकडे न बघता त्या म्हणाल्या, "इकडून निघायचं ठरलं तर मी तयार आहे."

गाडीला बैल जुंपायला हरीभाऊच गेले. जू चढवता चढवता बैलांना शिव्या देत होते, पण गादी त्यांनीच घातली आणि वहिनींच्या बाजूला जाड घोंगडी दुमडून ठेवली.

*

इरशाळच्या सुळक्यामागे ऊन उतरलं तरी सोंडेवाडीच्या विहिरीवर एकही रहाट फिरला नव्हता. पद्मजा सकाळपासून काठावर बसून होती. परवापासून ती हेच पाणी पीत होती, सगळ्यांना दाखवून पीत होती.

"वैनीबाय, तुमचं काय," गावचे पाटील भिवाजी म्हणाले होते. "तुमी त्यांचीच लेक. लेक बापाला खोटं पाडंल व्हय?"

नागू कर्जतला अण्णांकडे गेला हे तिला तो गेल्यावर कळलं. तेव्हापासून तिचे कान रस्त्याकडे होते, आणि गाडी येऊ नये असं वाटत होतं. हे तिचं तिलाच नवीन होतं. नऊ वर्षं तिने दुसरं काही मागितलं नव्हतं. लग्नानंतर दिवाळीला, मंगळागौरीला माहेरी जाणं व्हायचं. पण प्लेग आल्यापासून तीन वर्षं स्टेशनांवर तपासण्या, गावांच्या सीमा बंद, मग सासूबाईंचं दुखणं. जाणं राहूनच गेलं. भाताची कणगी उघडली की माहेरच्या भाताचा वास आठवायचा आणि तो नीट आठवत नाही म्हणून जीव कासावीस व्हायचा.

पण फाल्गुनात सासूबाईंनी पनवेलच्या एका मुलीची गोष्ट काढली होती. त्या, म्हणजे अंबाबाई, दुष्ट नव्हत्या. त्यांना घरात मूल हवं होतं. "पद्मजा कुठे जात नाही," त्या मुलाला म्हणाल्या होत्या. "ती थोरली म्हणून राहील. मी तिला काही कमी पडू देणार नाही."

पद्मजाचा नवरा दिनकर. शांत माणूस, वाद दिसला की शेतावर जाणारा. तो तेव्हा एकच वाक्य बोलला होता. "तिच्या आईवडिलांनी अजून आपल्या घरचं पाणी घेतलेलं नाही. त्यांनी आशा सोडलेली नाही, मग आपण कशी सोडायची?"

त्यावर अंबाबाईंनी ती गोष्ट पुन्हा काढली नव्हती. रीतीला रीतीचंच उत्तर मिळालं होतं. त्या वाक्याच्या आडोशाला पद्मजा अजून घरात एकटी सून होती.

घुंगरं ऐकू आली तशी ती वेशीपर्यंत पळत गेली. गाडीतून आधी शरच्चंद्र उतरला, मग आई. आईचा चेहरा तिने दोन्ही हातांनी धरला, तेवढ्यात अण्णा मागच्या बाजूने उतरले. किती वाळले होते.

"अण्णा, तुम्ही यायला नको होतं."

"हे काय बोलणं पद्मे?" द्वारकाबाई म्हणाल्या. "तीन वर्षांनी बापाला बघतेस."

पद्मजाने गाडीच्या चाकाशी उभं राहून, भरभर, दिनकरचं ते वाक्य सांगितलं. पनवेलची मुलगी सांगितली. सांगताना तिचा आवाज चढला नाही. माल तोलून देणारा माणूस बोलतो तशी ती बोलली.

"तुम्ही प्यायलात की ते वाक्य गेलं," ती म्हणाली. "दुसरं त्यांच्याकडे नाही."

याला औषध शरच्चंद्रच्या पेटीत नव्हतं.

त्र्यंबकरावांनी बैलाच्या वशिंडावर हात ठेवला. सबंध वाटेने त्यांनी स्वतःची तयारी केली होती. निवडणूक जाईल, जातीत बोलणी बसतील, हे त्यांनी धरून ठेवलं होतं. त्यांना वाटलं होतं, किंमत आपण मोजायची आहे. ती लेकीने मोजायची आहे हे त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं. तालुक्याच्या प्रत्येक सभेत ते विचारायचे, हा रस्ता झाला तर कुणाचं शेत जाईल? स्वतःच्या घरी हा प्रश्न विचारायचं राहिलं होतं.

"तू सांग," ते म्हणाले. "नको म्हणालीस तर मी इथूनच वळतो. डोहावर बोर्डाचे शिपाई बसवतो, पाणी गाड्यांतून आणवतो. तीन-चार दिवस लागतील."

"तोवर?"

"तोवर जे होईल ते."

बोलत बोलत ती सगळी अंगणापाशी आली होती. विहिरीभोवती गाव जमलं होतं. कोंडी एका बाजूला पाय पसरून बसली होती, मांडीवर पोर. मडक्यातल्या पाण्यात पदराचं टोक बुडवून ती त्याच्या ओठांवर पिळत होती. पाणी डोहाचं होतं, तळाशी पाचोळ्याचा काळा गाळ दिसत होता. पोराचे डोळे खोल गेले होते. ते रडतही नव्हतं.

"कोंडे, ते नको गं पाजूस," पद्मजा म्हणाली.

"मग काय पाजू वैनीबाय? तुमचं लाल पानी? परवा माजा मालक गेला. आता तुमचं आयकून याला बी घालवू?" कोंडीने मान वर केली. "तुमाला न्हाई कळायचं."

भिवाजी पाटील तिच्यावर ओरडले, "ए, तोंड सांभाळ गं!" पण बोलायचं ते बोलून झालं होतं.

पद्मजा उभी होती तिथून हलली. कुणाला वाटलं घरात जाते. ती काठावर चढली आणि पोहरा विहिरीत सोडला. दोर तिच्या हातांतून सरसर गेला. खाली पाण्याचा आवाज झाला. नऊ वर्षं रोज ऐकलेला आवाज, पण सगळं अंगण तो आज ऐकत होतं. तिने पोहरा ओढला, पेला भरला. पाणी फिकं गुलाबी होतं, कोकमाच्या सरबतात भरपूर पाणी घालावं तसं. पेला घेऊन ती वडिलांसमोर आली.

"घ्या अण्णा."

"पद्मे."

"हात अवघडतोय माझा."

*

त्र्यंबकरावांनी पेला घेतला. पाण्याला लोखंडासारखी चव होती, औषधाची, पण तिच्याखाली दुसरी चव होती, खडकातल्या झऱ्याची. त्यांनी ते एका दमात प्यायलं नाही. सवयीप्रमाणे घोट घोट घेतलं, सगळ्यांना दिसेल असं, आणि शेवटी पेला उपडा करून दाखवला. एक थेंब मातीत पडला.

"गोड आहे," ते म्हणाले. ते गावासाठी नव्हतं. द्वारकाबाईंनी पदर डोळ्यांना लावला.

ओटीवर अंबाबाई उभ्या होत्या. त्या खाली आल्या नाहीत. "व्याहीबुवा," त्या शांतपणे म्हणाल्या, "पाणी घेतलंत. चांगलं झालं, लोकांचा जीव वाचेल. पण याचा अर्थ तुम्हीही जाणता आणि मीही जाणते. नातवाची वाट बघणं तुम्ही सोडलंत."

"सोडलं, विहीणबाई."

द्वारकाबाईंनी नवऱ्याकडे चमकून पाहिलं.

"मग आम्ही तरी किती दिवस बघायची? दिनकर, ऐकलंस का?"

दिनकर एव्हाना पद्मजाच्या हातून दोर घेऊन काठावर उभा होता. कोंडीच्या मडक्यातलं पाणी शरच्चंद्र ओतून टाकत होता आणि दिनकर ते भरायला पोहरा ओढत होता.

"ऐकलं," तो म्हणाला आणि पोहरा परत खाली सोडला.

पद्मजा त्याच्या पाठीकडे बघत राहिली. या शब्दात काय आहे, ते तिला नऊ वर्षांच्या संसारातूनही ओळखता येईना.

"विहीणबाई," त्र्यंबकराव म्हणाले, "तुमच्या घरात काय करायचं ते तुम्ही ठरवा. मी तोंड घालणार नाही. पण आता एक गोष्ट बदलली. पाणी प्यायलो, तेव्हा उंबरा मोकळा झाला. आजवर मी वर्षातून चारदा चौकापर्यंत येऊन परत फिरायचो. आता फिरणार नाही. दर महिन्याला येईन. निवडणुकीनंतर बहुधा मला रिकामा वेळही पुष्कळ असेल. तुम्ही पनवेलहून कुणाला आणलंत, तर तिच्या हातचंही पाणी पिईन. पण बसेन ते पद्मजापाशी."

अंबाबाई आत वळल्या. आतून त्यांचा आवाज आला, "सूनबाई, पाट मांडा. माणसं उन्हातून आलीत."

विहिरीवर दुसरा रहाट कुरकुरला. भिवाजी पाटलांनी आपली घागर पुढे सरकवली. "चला गं बायांनो, सायेब हुबे हायेत अजून. पडले तर परत वता." कुणीतरी हसलं. शरच्चंद्र कोंडीशेजारी मातीत बसून मीठ घातलेली पेज चमच्याने पोराच्या तोंडात घालत होता. घोट उतरला का, ते बघायला कोंडी पोराच्या गळ्यावर बोट ठेवून होती. उतरला.

*

जेवायला सगळे दिव्याच्या उजेडात बसले. पद्मजाने तांदळाच्या भाकऱ्या केल्या होत्या, अण्णांना आवडतात तशा, कडेला खरपूस. वाल घातलेलं वांगं केलं होतं. आईला तिने उठू दिलं नाही. प्रत्येक वाढप ती स्वतः करत होती आणि आईच्या पानापाशी आली की वाकून उगाचच थोडी जास्त वेळ थांबत होती.

अण्णा भाकरी खात नव्हते. तुकडा मोडायचे, ताकात बुडवायचे, मग बराच वेळ गालाच्या एका बाजूला धरून ठेवायचे.

"आवडली नाही का?"

"छान झालीय."

"मग खात का नाही?" तिने दिवा जरा पुढे केला. अण्णांचा उजवा गाल आत गेला होता. मघाशी वेशीवर तिला ते वाळल्यासारखे वाटले होते ते यामुळे. "अण्णा, दात कधी गेले?"

"गेल्या सालच्या थंडीत दोन. बाकीचे नंतर."

"मला कुणी सांगितलं नाही."

"यात सांगण्यासारखं काय, पद्मे," द्वारकाबाई म्हणाल्या. "म्हातारपण आलं."

भाकरी कुरकुरीत व्हावी म्हणून पद्मजाने पीठ आयत्या वेळी मळलं होतं. तीन वर्षांपूर्वीच्या दातांसाठी.

तिने त्यांच्या पानातली भाकरी उचलून घेतली.

"मऊ भात टाकते. आधण यायला वेळ लागेल, थांबावं लागेल जरा."

"थांबतो," अण्णा म्हणाले.